पोट वाढलं की आधी चारित्र्य तपासायचं?

लग्न न झालेल्या मुलीचं पोट वाढू लागलं की आपल्याकडे आजाराआधी तिचं चारित्र्य तपासलं जातं. साकीनाक्यात खैरानी रोडच्या वस्त्यांत काम करताना हे मी पाहते आहे. सतरा वर्षांच्या एका मुलीला घरी मार बसला. गल्लीतल्या डॉक्टरनं लघवी तपासून ‘दिवस गेलेत’ असं सांगून टाकलं. तिच्या अंडाशयात गाठ होती. साकीनाक्याहून मेट्रो आणि लोकलनं परळचं टाटा रुग्णालय गाठायला फार तर दीड तास लागतो. तिला पाच महिने लागले.

अंडाशयातल्या बीजपेशींचा कर्करोग, म्हणजे जर्म सेल ट्यूमर, दुर्मीळ आहे. पण होतो तो मुख्यतः किशोरवयीन आणि विशी-पंचविशीतल्या मुलींना. यातल्या काही गाठी गरोदरपणातलं एचसीजी हे संप्रेरक स्वतःच तयार करतात. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह येते आणि खरं बोलणारी मुलगी खोटी ठरते. एक सोनोग्राफी केली तर गाठ दिसते!

लवकर सापडला तर या कर्करोगातून दहापैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. बहुतेकींचं एकच अंडाशय काढावं लागतं. दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी राखता येते. केमोथेरपीनंतरही पाळी बहुधा परत सुरू होते.

आता दुसरी बाजू पाहा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. कॅन्सर नसलेल्या बाईला भीती आणि असलेल्या मुलीवर संशय! दोन्हीकडे तिच्या शरीराचा निर्णय दुसरेच घेतात.

नातेवाईक विचारतात, ‘मूल होईल ना? नाहीतर लग्न कोण करील?’ गर्भपिशवी राखायची ती लग्नाच्या बाजारासाठी नव्हे, त्या मुलीला हवी असेल म्हणून.

सरकारी कर्करोग तपासणी तिशीपासून सुरू होते. प्रत्येक मुलीची तपासणी करा, असं आपण म्हणत नाही. आपली मागणी साधी आहे: पोट वाढलं, सतत दुखलं, तर लगेच सोनोग्राफी आणि रक्ततपासणी; गाठ संशयास्पद असेल तर चाकू लावण्याआधी कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला; आणि प्रत्येक निर्णयात मुलीचं म्हणणं.

मैत्रिणींनो, वस्तीत कुणाच्या पोटाची कुजबूज ऐकलीत तर तिला दवाखान्यात घेऊन जा. बदनामीची चर्चा करायला गल्ली समर्थ आहे.