खडूचा फळा भिंतीवर राहू द्या
महाराष्ट्रात फळ्याआधी धूळपाटी होती. लाकडी पाटीवर बारीक माती पसरून मुले बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. पुढे दगडी पाटी-पेन्सिल आली, पण तीही ज्याची त्याची. 19व्या शतकात शाळाशाळांत फळा रुळू लागला आणि सगळा वर्ग एकाच वेळी एकच उदाहरण पाहू लागला. अध्यापनात याहून मोठा बदल झालेला नाही. वर सुविचार, बाजूला वार-दिनांक, कोपऱ्यात पट आणि हजर मुलांचा आकडा, हे त्याचे रूप आजही जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसते. 1987 साली केंद्राने खडू-फळा मोहीम काढली, तेव्हा प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासकट आवश्यक साहित्य मिळावे, एवढेच उद्दिष्ट होते. म्हणजे तेवढेही अनेक ठिकाणी नव्हते! नंतर डोळ्यांना सुसह्य हिरवा फळा आला, धूळ नको म्हणून पांढरा आला; तो मात्र खिडकीच्या उजेडात चकाकतो आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला काही दिसत नाही. डिजिटल फळ्यावर हृदयाचे स्पंदन दाखवता येते, हे मोलाचेच. पण वीज गेली की तो मुका. खडूने गणिताची एकेक पायरी हाताच्या वेगाने उमटते, तेवढ्यात मूल पुढची पायरी मनात मांडते. शाळांनी डिजिटल फळा जरूर घ्यावा, पण त्यासाठी खडूचा फळा उखडू नये.