लेणी पाहायला चला, पण पाय सांभाळून!



वर्षावासाची सांगता झाली की आपल्या वस्त्यावस्त्यांतून धम्मसहलीचे बेत सुरू होतात. महिला मंडळ वर्गणी गोळा करते, तरुण मंडळी गाडी ठरवतात. कुणी कार्ले म्हणतो, कुणी लेण्याद्री, तर कुणी थेट अजिंठा-वेरूळ. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण अशा बैठकांतून आमचा नेहमीचा अनुभव असा, की जेवणात पुरी-भाजी करायची की मसालेभात, यावर तासभर चर्चा होते आणि डोंगर कसा चढायचा यावर पाच मिनिटेही होत नाही.

डोंगरावर पाय मुरगळणे ही पगारी रजा असणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ बाब आहे. तो आठ दिवस घरी पाय वर करून बसेल. पण आपल्यातले बहुसंख्य लोक हातावर पोट असणारे. बांधकामावर जाणारा भाऊ किंवा चार घरची धुणीभांडी करणारी ताई लंगडत घरी आली, तर त्या दिवसापासून मजुरी बंद. डॉक्टरचा खर्च वेगळाच. म्हणून सावधगिरीची जास्त गरज कुणाला असेल तर ती आपल्याला आहे. आणि त्यासाठी दुकानातले महागडे सामान लागत नाही. थोडा विचार आणि थोडी शिस्त लागते, एवढेच.

उदाहरणासाठी आपण भाजे आणि कार्ले ही लेणी घेऊ. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनवर उतरावे. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी, पहिलेच स्टेशन मळवली. स्टेशनच्या दक्षिणेला भाजे, चालत दीड-दोन किलोमीटर. उत्तरेला कार्ले, पाचेक किलोमीटर, आणि शेवटी सुमारे ३५० पायऱ्या. मध्ये जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडावा लागतो. तिथे वाहने जोरात असतात, म्हणून मुलांचे हात धरूनच पलीकडे जावे. सोबत म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर दोन्ही लेणी पायी करण्याचा हट्ट धरू नये. भाजे पायी करावे आणि कार्ल्याला पायथ्यापर्यंत रिक्षा करावी. दुपारी लोकल गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, तेव्हा परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. दोन्ही ठिकाणी पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, पण १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. वर्गणी काढताना हे लक्षात घ्यावे.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात जाणे भाग असेल तर पहाटे निघून अकराच्या आत खाली उतरावे.

पावसाळ्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. हिरवा डोंगर आणि धबधबे पाहून तरुणांना राहवत नाही. पण वरच्या पठारावर पाऊस वाढला की खाली पाणी काही मिनिटांत चढते, आणि खाली उभ्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते कुणी धाडसी गिर्यारोहक नव्हते. आपल्यासारखेच रविवारी सहलीला आलेले लोक होते.

भगवान बुद्धांनी भिक्खुसंघाला पावसाळ्याचे तीन महिने चारिका थांबवून एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. भिक्खू हिरवे कोंब आणि बारीक जीव पायाखाली तुडवीत फिरतात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून हा नियम झाला असे विनयपिटक सांगते. आपणही पावसाळ्यात विहारात प्रवचन ऐकावे आणि डोंगर पावसानंतर चढावा. प्रशासनाने बंदीचा आदेश काढला असेल तर तो मोडण्यात कसलाही पराक्रम नाही.

पायात काय, पाठीवर काय?

चपला, सँडल आणि गुळगुळीत तळाचे बूट घरी ठेवावेत. तळाला खोल खाचा असलेले रबरी तळाचे साधे कापडी बूट पुरेसे आहेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या उभ्याने पाय थोडा फुगलेला असतो आणि खरे माप तेव्हा कळते. नवे बूट थेट सहलीला घालू नयेत. आधी आठवडाभर कामावर घालून मऊ करावेत. मोजे घालावेतच. नखे आदल्या रात्री कापावीत, नाहीतर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळे पडते. आयाबायांनी शक्य तर पंजाबी ड्रेस घालावा. साडीच नेसायची असेल तर ती घोट्याच्या वर येईल अशी नेसावी आणि पदर घट्ट खोचावा.

पाठीवर मुलांचे शाळेचे दप्तर चालते. हातात पिशव्या मात्र नकोत. चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात आणि पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे आणि औषधे ठेवावीत, म्हणजे भिजत नाहीत. टोपी किंवा रुमाल, एक बॅटरी, एक शिट्टी आणि घरचा पत्ता व फोन नंबर लिहिलेला कागद सोबत असावा. दिवसाउजेडी परतणार असलात तरी बॅटरी हवीच, कारण उशीर कुणाला सांगून होत नाही. मोबाईलवर सगळी भिस्त ठेवू नये. डोंगराआड रेंज जाते, आणि दिवसभर फोटो काढल्यावर संध्याकाळी बॅटरीही उतरते.

पाणी

मोठ्या माणसाने दिवसभरासाठी तीन लिटर पाणी घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट प्यावेत. घरचा उपायही सांगून ठेवतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उन्हाने गळून गेलेल्या माणसाला बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी लिहीत नाही. वाटेत संडास-मुतारी नसते, म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. सहल ठरवणाऱ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, स्टेशनवर आणि पायथ्याशी त्यासाठी ठरवून थांबावे. बायकांना मागावे लागू नये.

लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्या नीट पाहा. त्या काळी टाकीला 'पोढी' म्हणत. भाज्याला महारठी कोसिकीपुत विण्हुदत्त याने पोढी दान दिल्याचा लेख आहे. जवळच्या बेडसे लेण्यात महाभोजाची मुलगी सामडिनिका हिच्या दानाचा लेख पोढीवरच कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वाटसरू आणि भिक्खूंना पाणी मिळावे म्हणून एका स्त्रीने दगडात टाकी कोरून घेतली. आणि १९३४ साली खुद्द बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला गेले, तेव्हा धुळीने माखलेले हातपाय आणि तोंड किल्ल्याच्या दारातल्या हौदावर धुतले म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. शेवटी आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, अशा पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या मुलाच्या हातात आज पाण्याची बाटली आहे, ती देताना हेही त्याला सांगावे. मात्र टाक्यांतले पाणी आज पिण्याजोगे नसते. ते पिऊ नये, आणि त्यात हातपाय धुऊन बाटल्याही टाकू नयेत.

चालण्याची रीत

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. पुढे वाट माहीत असलेला एक माणूस आणि शेवटी एक जबाबदार माणूस नेमावा. पहिल्याच्या पुढे कुणी जायचे नाही, शेवटच्याच्या मागे कुणी राहायचे नाही. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. धाप लागून बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबावे. उतरताना पळू नये. चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतात ते उतरताना. गुडघे किंचित वाकवून पाऊल पूर्ण टेकवावे.

रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनी गोळ्या सोबत घ्याव्यात आणि उपाशी चढू नये. मधुमेहाच्या माणसाच्या खिशात साखर किंवा गूळ असावा. छातीत दुखते म्हणणाऱ्याला "थोडेच राहिले" म्हणत पुढे नेऊ नये. त्याला तिथेच बसवावे आणि मदत बोलवावी. दारू पिऊन येणाऱ्याला गाडीतच घेऊ नये. पंचशील घेऊन निघालेल्या सहलीत याहून अधिक सांगणे न लगे.

लेण्यात शिरल्यावर

बऱ्याच लेण्यांत कड्याला आग्या मोहोळ असते. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. म्हणून वंदना अवश्य घ्यावी, पण मेणबत्ती-अगरबत्ती पेटवू नये. काजळीने दगडही खराब होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताच्या मूळ लाकडी कमानी अजून टिकून आहेत, तिथे ज्योतच नको. फुले वाहावीत आणि त्रिसरण-पंचशील शांतपणे म्हणावे. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. तोंड कापडाने झाकून झटपट लांब जावे. पाण्यात उडी घेऊ नये. काटे नखाने खरवडून काढावेत. घशाला सूज आली किंवा दम लागला तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुखले-खुपले तर

पाय मुरगळला तर चोळू नये. ओल्या गार फडक्याने शेकावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टी लावावी. उन्हाने अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. चावलेला भाग न हलवता माणसाला उचलून सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरची लस तिथेच मिळते. वाट चुकली तर खाली दरीत उतरत सुटू नये. आहे तिथेच थांबावे, एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मिनिटभर थांबून पुन्हा वाजवावी. ११२ वर फोन करावा. लोणावळा भागात 'शिवदुर्ग मित्र' सारख्या संस्थेचे तरुण आपला कामधंदा सोडून मदतीला धावतात. त्यांच्यावर ती वेळ आपल्या बेफिकिरीने येऊ नये.

ज्यांनी पाण्याची टाकी दिली, खांब दिला, त्यांची नावे लेण्यांत कोरली गेली. आपण काही दिलेले नसताना भिंतीवर खडूने नाव लिहून येण्याचा आपल्याला हक्क नाही. मुलांना हे दारातच सांगावे, आणि आपला कचरा आपल्याच दप्तरातून परत आणावा.

आमची एवढीच विनंती आहे, की पुढच्या सहलीआधीच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा. पुढचा माणूस कोण, शेवटचा कोण, औषधांची पिशवी कुणाकडे, कुणाला कोणता आजार आहे, हे वहीत लिहून काढावे. सर्वांची नावे त्याच वहीत असावीत. निघताना वहीत एकेचाळीस नावे असतील, तर परतीच्या गाडीत एकेचाळीस डोकी मोजल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी सोडू देऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!