जुनी झाली म्हणून हळू धावत नाही

"नवी नको, सेकंडहँड घे." मध्यमवर्गीय मराठी घरात हे वाक्य जवळजवळ सुभाषितासारखं वापरलं जातं. आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. शाळेची पुस्तकं, पहिली सायकल, बाळाचा पाळणा, लोखंडी कपाट... आम्ही आयुष्यभर जुन्या वस्तू आनंदाने वापरल्या. ज्या लूनावरून मी शाळेत जायचे तीसुद्धा दुसऱ्याच्या हातातून आलेली होती. तेव्हा जुन्या वस्तूंशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवते. भांडण आहे ते हेच वाक्य नवशिक्याच्या स्पोर्ट्स बाईकला लावण्याशी.

विषय का निघाला ते नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या भावाचा नातू १९ वर्षांचा आहे. लायसन्स हातात येऊन चार महिने झाले, आणि त्याला केटीएम आरसी ३९० हवी आहे. आई म्हणाली, अजिबात नाही. बाबा म्हणाला, परवडत नाही. मग तह झाला : २०१७ ची सेकंडहँड, निम्म्याहून कमी किमतीत. पोराला गाडी मिळाली, बापाचे पैसे वाचले, आईला "नवीकोरी तरी नाही ना" एवढं समाधान. कुटुंबाच्या ग्रुपवर धडाधड अंगठे उठले. माझा उठला नाही. "आत्या, तुमचं म्हणणं काय ते एकदा लिहाच," असं सूनबाई म्हणाली, म्हणून लिहिते आहे.

ह्या सगळ्या वाटाघाटीत चर्चा कशाची झाली हो? किमतीची. आणि कमी काय झालं? तर किंमत. इंजिन होतं तेवढंच राहिलं!

जरा आकडे बघू. (मी भाषेची मास्तरीण, पण एवढं गणित मलाही येतं.) आपल्या सगळ्यांच्या ओळखीची स्प्लेंडर ९७ सीसीची आहे, तिची ताकद साधारण ८ अश्वशक्ती. आरसी ३९० भारतात आली २०१४ साली, आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होऊन. ३७३ सीसी आणि ४३ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे पाचपटीहून जास्त. आठ-नऊ वर्षांनी ह्या ४३ च्या ८ होत नाहीत. जुनं होतं ते बाकीचं. टायरचं रबर कडक होतं, ब्रेकचं तेल खराब होतं, पुढच्या शॉकअब्सॉर्बरचं सील गळायला लागतं, चेन सैल पडते. म्हणजे धावायची ताकद जवळजवळ नव्या गाडीची आणि थांबायची ताकद जुन्या गाडीची. हा सौदा स्वस्त कसा म्हणायचा, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि थांबणं म्हणजे काय ते पोरांना कोणी शिकवतच नाही. ताशी ८० ने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आलं हे कळून ब्रेकवर बोटं जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. वेग ४० चा ८० झाला तर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट जोर खर्ची पडतो. पाम बीच रोडवर रविवारी पहाटे ज्यांनी ती किंचाळणारी रांग ऐकली आहे, त्यांना ८० हा आकडा किती सोज्वळ आहे ते वेगळं सांगायला नको. त्या रस्त्याच्या कडेने पहाटे चालायला जाणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा हा प्रश्न फक्त एका घराचा नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

आता ह्या तहामागचं सगळ्यात लाडकं समर्थन. "शिकताना पडणारच, जुनी असली तर वाईट नाही वाटणार." ह्या वाक्यात वाईट कोणाबद्दल वाटणार आहे ते बघा. गाडीबद्दल! ओरखडा प्लॅस्टिकवर पडेल, तो जुन्या प्लॅस्टिकवर पडला तर बरं, एवढाच हिशेब. मुलाचं मनगट, गुडघा, डोकं ह्यांना सेकंडहँडचा भाव लागू होत नाही. ते एकदाच मिळालेले असतात.

दुसरं समर्थन, "फक्त ९ हजार किलोमीटर चालली आहे." अहो, हीच तर शंकेची जागा! इतक्या हौसेने घेतलेली गाडी इतकी कमी का चालली? कधी कारण साधं असतं. लग्न ठरलं, परदेशी नोकरी लागली, हप्ते झेपेनात. कधी मालकाचं मनगट आणि पाठ महिन्याभरात बोलायला लागलेली असते, कारण ह्या गाड्यांचं हँडल खाली असतं, अंगाचा भार हातांवर येतो, आणि सकाळच्या वेळी वाशीच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रेंगाळायला त्या बनवलेल्याच नाहीत. कधी तो एकदा पडून घाबरलेला असतो. (आणि किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, हेही विसरू नका.) थोडक्यात, ही गाडी एका नवशिक्याकडून दुसऱ्या नवशिक्याकडे आणि त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाते. प्रत्येकजण तिच्यावर शिकतो, प्रत्येकजण थोडी बिघडवतो, आणि आपण केलेली बिघाडी पुढच्याला सांगत नाही. चौथ्याने ती स्वस्तात मिळाली म्हणून पेढे वाटायचे!

त्यातून स्पोर्ट्स बाईक म्हणजे अंगभर झाकलेली गाडी. स्प्लेंडर पडली की तिचं दुखणं चारचौघांत दिसतं. हिच्यावर नवं फेअरिंग चढवलं की आतली वाकलेली पट्टीही झाकली जाते. आमच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांचा नियम मला आवडला. ते म्हणतात, जुन्या गाडीचं फेअरिंग एकदम चकचकीत दिसलं की आधी ब्रेकच्या लिव्हरची टोकं, हँडलची टोकं आणि पाय ठेवायच्या दांड्या बघा. घासलेलं तिथे सापडतं. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, दोन्ही बाजूंना सारखं आणि न अडकता वळलं पाहिजे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, असलं टायर पावसाळ्यात पोराच्या खाली नको. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. विकणारा आपण यायच्या आत ते गरम करून ठेवत असेल तर नमस्कार करून परत यायचं. आणि एबीएस विचारायचं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या सेकंडहँड गाड्यांत काहींना ते आहे, कित्येकींना नाही. "स्वस्त" गाडी बरेचदा ह्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, एवढ्यावरच स्वस्त असते.

आता थोडं सरकारशी भांडते. आपल्याकडे १८ वर्षं पूर्ण झाली की "गिअरची मोटारसायकल" असं एकच लायसन्स मिळतं. १०० सीसीलाही तेच आणि १००० सीसीलाही तेच! पहिलीत नाव घातलेल्या मुलाला त्याच दिवशी दहावीच्या वर्गातही बसायची मुभा दिल्यासारखं आहे हे. सिंगापूरमध्ये आधी २०० सीसीपर्यंत, मग वर्षभराने ४०० पर्यंत, मग आणखी वर्षाने त्यापुढे. ब्रिटनमध्ये १७ व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतच, म्हणजे साधारण १५ अश्वशक्ती. १९ व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि पूर्ण मोकळीक २४ व्या वर्षी, किंवा मधल्या पायरीवर दोन वर्षं काढली तर २१ व्या. नातू लगेच म्हणेल, "आत्याआजी, मग माझी ३९० तिकडे १९ व्या वर्षी चालते!" चालते रे बाळा. पण तिथे त्याआधी मैदानातली आणि रस्त्यावरची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि मैदानातल्या परीक्षेत ताशी ५० च्या वेगात अचानक ब्रेक मारून गाडी सरळ थांबवून दाखवायची असते. ते तू मला दाखव. जिथे कायद्याने पायऱ्या बांधल्या नाहीत तिथे त्या घरच्यांनी बांधायच्या असतात. आपल्या घरच्यांनी मात्र फक्त भाव पाडला.

"मोटारसायकल नकोच" म्हणणाऱ्या ज्येष्ठांच्या बाजूलाही मी नाही, हे त्यांनी लक्षात घ्यावं. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी तरुणपणी आरएक्स १०० पिटाळलेली आहे. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर एवढं नक्की कळलं, की नुसतं "नाही" म्हटलं की ती गोष्ट मुलं मागच्या बाकावर करतात. घरी गाडी नाही मिळाली तर मित्राची मिळते, आणि मित्राच्या गाडीबरोबर मित्राचं हेल्मेट मिळत नाही.

मग करायचं काय? सेकंडहँडच घ्या, पण स्पोर्ट्स नको. २०२० नंतरची युनिकॉर्नसारखी १६० सीसीची, पुढच्या चाकाला एबीएस असलेली साधी गाडी बघा. हो, मित्र हसतील. हसू देत. त्यावर पूर्ण एक वर्ष, त्यातला एक अख्खा पावसाळा धरून. सायन-पनवेलची गर्दी, उरण फाट्याचे कंटेनर, जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट (एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदीच आहे) हे सगळं साध्या गाडीवर अंगवळणी पडू दे. उरलेल्या पैशांतून आयएसआय शिक्क्याचं, त्याच्याच डोक्याच्या मापाचं, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट. हे मात्र नवं. हेल्मेट सेकंडहँड घेऊ नये, कारण ते आधी कुठे आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. वर्षभराने त्याला ३९० हवीशी वाटली, तर तेव्हा ती तपासायला त्याच्याजवळ स्वतःचे हात आणि कान असतील, आणि माझा अंगठा पहिला उठेल.

जाता जाता, ह्या व्यवहारासाठी घरची ॲक्टिव्हा विकायची असं ऐकलं, म्हणून भाच्याला एक सूचना. ("आत्याने पुन्हा तास घेतला" म्हण हवं तर!) पैसे घेऊन, किल्ली देऊन आणि एका कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळा होऊ नकोस. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. फॉर्म २९ आणि ३० दोन्ही पूर्ण भरून सह्या करायच्या, विक्रीची सूचना १४ दिवसांच्या आत आरटीओत द्यायची आणि पोच जपून ठेवायची. घेणाऱ्याच्या नावावर गाडी झाली की नाही ते स्वतः वाहन पोर्टलवर बघायचं. विम्याचे कागदही त्याच्या नावावर व्हायला हवेत. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसी बुकावर बँकेचं नाव अजून असेल, तर ते आधी काढून घे. त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, आणि त्यासाठी बँकेत एक फेरी मारावीच लागेल.