इमारत पास, वाट नापास

परदेशवारी करून आलेला मराठी माणूस पंधरा-वीस वर्षांपूर्वी विमानतळाचा विषय निघाला की 'आपल्याकडे हे कधी व्हायचं' म्हणत उसासा टाकायचा. आता तोच 'हीथ्रोपेक्षा आपलं टी-२ कितीतरी बरं' असे छाती फुगवून सांगतो. दोन्ही वेळा त्याने पाहिलेली असते ती इमारत, आणि इमारतीपुरते त्याचे नवे मत खरेच आहे. मुंबईत सहारच्या टी-२ टर्मिनलमधले मोरपिसाच्या धर्तीवरचे खांब आणि 'जय हे' हा कलासंग्रह पाहून कुणी मान खाली घालायचे कारण नाही. बंगळुरूच्या नव्या टर्मिनलच्या अंतर्गत रचनेला २०२३ साली प्री व्हर्साय पुरस्कारांत खास दाद मिळाली. इमारतीमागचे कसबही कमी नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरी तिथे दिवसाला नऊशेच्या वर विमाने चढउतार करतात. हवाई नियंत्रकांच्या या करामतीचे पोवाडे मात्र कुणी गात नाही, कारण ती सेल्फीत येत नाही.

माझी हरकत मोजमापाला आहे. प्रवाशाचा विमानतळ काचेच्या दारापाशी सुरू होत नाही, तो घराचे कुलूप लावल्यापासून सुरू होतो. झ्युरिकच्या विमानतळाखाली १९८० पासून रेल्वे स्थानक आहे. शहराच्या मुख्य स्थानकावरून तिथे पोहोचायला दहा-बारा मिनिटे पुरतात. तिथली सामानाची ट्रॉली सरकत्या जिन्यावरही चढते, तिची चाके पायऱ्यांवर घट्ट बसतात, म्हणून फलाटावर ट्रॉलीत ठेवलेली बॅग थेट काउंटरपाशीच उतरवायची. हाँगकाँगने ६ जुलै १९९८ रोजी नवा विमानतळ आणि त्याची रेल्वे एकाच दिवशी सुरू केली. आपले टी-२ सुरू झाले २०१४ साली. सोबत सहारचा उन्नत मार्ग आला, म्हणजे मोटारवाल्यांची सोय तेवढी झाली. भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा तिथे पोहोचला ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका आणखी वर्षाने. विमान दीड तासात नागपूर गाठते. डोंबिवलीकर त्याहून जास्त वेळ सहार गाठण्यासाठी हाताशी ठेवतो. गोव्यातही तेच. मोपाचे टर्मिनल देखणे आहे, पण मडगावकराला साठ किलोमीटरच्या पुढचा रस्ता तुडवावा लागतो. हे आपल्याला जमतच नाही असेही नाही: दिल्लीत २०११ पासून विमानतळाची वेगळी मेट्रो धावते.

वाट संपली की दार लागते. सिंगापूर, फ्रँकफर्ट, झ्युरिकच्या प्रस्थान कक्षात कुणीही शिरावे, आजीने नातवाला बॅग जमा करेपर्यंत सोबत करावी. आपल्याकडे आजी कठड्याबाहेर टाचा उंचावून उभी, आणि आत जाणारा एका हातात आधार कार्ड, दुसऱ्या हातात तिकीट उघडलेला मोबाइल, ट्रॉली पोटाने ढकलत. त्याची नेमकी वेळ आली की मोबाइलचा पडदा काळा होतो. यावर उत्तर ठरलेले असते: सुरक्षा. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९९९च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले, ते उगाच नव्हे. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सला स्फोट झाले ते अशाच मोकळ्या कक्षात. पण दारावरच्या तपासणीने गर्दी नाहीशी होत नाही, ती दाराबाहेर सरकते. आणि बॅगा तिथे यंत्रातून जात नाहीत, जुळवले जाते ते फक्त नाव. डिजियात्रामुळे डिसेंबर २०२२ पासून चेहरा दाखवून आत जाता येते, हे चांगलेच झाले. मात्र ज्याचे तिकीट मुलाच्या मोबाइलवर आहे, त्याची रांग तीच राहिली. पुण्याच्या लोहगावचे उदाहरण तर बोलके आहे. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ला झाले, प्रवासी आत गेले १४ जुलैला. मधले चार महिने तयार इमारत सुरक्षा दलाच्या वाढीव जवानांच्या प्रतीक्षेत होती.

परदेशातले सगळे आलबेल नाही, हा आक्षेप मला मान्यच आहे. २०२२च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या रांगा इमारतीबाहेर गेल्या होत्या, इतक्या की प्रवाशांच्या संख्येवरच मर्यादा घालावी लागली. २० मार्च २०२५च्या रात्री एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिला. पण ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत: एकीकडे माणसे कमी पडली, दुसरीकडे कुंपणापलीकडची वीज गेली, छत, फरशी, दुकाने जागच्या जागी होती. दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबईच्या खासगीकरणात विमानतळाच्या महसुलातला ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देण्याचे ठरले. इतका वाटा ज्या धंद्यातून निघतो तिथे दमडी नाही असे कसे म्हणावे? घोडे पेंड खाते ते वाटणीत. टर्मिनल ठेकेदार कंपनीचे, दार केंद्रीय गृहखात्याच्या जवानांचे, रस्ता पालिकेचा किंवा एमएमआरडीएचा, मेट्रोचे महामंडळ आणखी वेगळे. प्रवासी एकच, पण त्याचा दोन-तीन तासांचा वेळ कुणाच्याच खात्यात लिहिला जात नाही. हाँगकाँगने विमानतळ आणि रेल्वे एकाच आराखड्यात आखली, आपण उद्घाटनाच्या फिती तेवढ्या एकत्र कापतो.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. कमळाच्या आकाराची त्याची इमारतही स्पर्धेत कुठे मागे पडणारी नाही. मात्र तो आणि सहार यांना जोडणारी मेट्रो अजून बांधायचीच आहे, त्यामुळे एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान धरणाऱ्याने टॅक्सीच्या डिकीत बॅगा टाकायच्या आणि चालकाला विचारायचे, 'आज ट्रॅफिक कसं आहे?'