कोयत्याच्या नावाची ओळ

उधना–जळगाव लोहमार्गावर सुरत मागे पडले की थोड्याच वेळात चलथाण येते. पलसाणा तालुक्यातल्या या गावात सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळ्याकडची कुटुंबे दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडणीला उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर ठरते आणि हंगामाआधी घेतलेली उचल तिच्यातून वळती होते. २०२२च्या डिसेंबरात गुजरात सरकारने तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दर दुप्पट झाला. तरी हातात काय पडणार, हे किती टन लिहिले गेले आणि उचल किती कापली गेली, यावरच ठरते.

अशा नोंदी आता वहीतून संगणकात जात आहेत. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत वाढलेली आपली खान्देशी मुले टॅली आणि एक्सेल शिकून कुठे मिलच्या ऑफिसात, कुठे वजनकाट्यावर ऑपरेटर म्हणून बसतात. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: आणखी एक गोष्ट शिका. डेटाबेसला कमांड लाइनवरून थेट प्रश्न विचारायला शिका. पडद्यावरच्या तयार रिपोर्टला तेवढेच प्रश्न ठाऊक असतात, जेवढे तो बनवणाऱ्याला सुचले. तुमच्या मजुराचा प्रश्न त्यात नसेल, तर बटण कितीही दाबा, उत्तर येणार नाही.

हे शिक्षण लवकर शिळे होत नाही. १९७०मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडले की माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ती डिस्कवर कुठे, कशी पडली आहे, हे त्याला कळायची गरज नसावी. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये त्यासाठी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर ही तिची घडण आजही तशीच आहे.

सुरुवातीला एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर पुरे. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. कामावरच्या चालू डेटाला हात लावू नका. सरावासाठी स्वतःची फाइल बनवा आणि तिच्यात चार टेबले ठेवा: मुकादम, कोयते, वजनपावत्या, उचल. मग काळ्या खिडकीत पहिली आज्ञा द्या ‘डॉट टेबल्स’, दुसरी ‘डॉट स्कीमा’. कोणती टेबले आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, आणि जोडणी नोंदवली असेल तर कोणता रकाना कोणत्या टेबलाशी जोडला आहे, ते समोर येते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम ‘शो टेबल्स’ आणि ‘शो क्रिएट टेबल’ करतात. त्यानंतर लिमिट लावून दहा ओळी डोळ्यांनी वाचा, एकूण ओळी मोजा, आणि मगच बेरजेकडे वळा.

ही घाई न करण्याची सवय पैशांच्या हिशेबात फार मोलाची आहे. समजा, एका कोयत्याने तीनदा उचल घेतली आणि त्याच्या नावावर चाळीस वजनपावत्या आहेत. दोन्ही टेबले कोयत्याच्या क्रमांकावर एकदम जोडली, तर १२० ओळी तयार होतात. त्यांवर बेरीज मारली की उचल चाळीसपट होते आणि टनेज तिप्पट. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या लेखी हिशेब बरोबरच असतो. तयार रिपोर्टमध्ये ही चूक दडली, तर पडद्यावर फक्त शेवटचा आकडा दिसतो. कमांड लाइनवर बेरीज काढून टाकता येते आणि त्या १२० ओळी उघड्या दिसतात. मग उचलीची बेरीज वेगळी करायची, पावत्यांची वेगळी, आणि दोन्ही निकाल शेवटी जोडायचे.

गाळलेल्या नोंदीही अशाच सापडतात. कोयत्यांची यादी डावीकडे ठेवून ‘लेफ्ट जॉइन’ने पावत्या जोडा आणि जिथे पावतीचा रकाना नल, म्हणजे रिकामा, आहे, तेवढ्याच ओळी मागा. ज्यांच्या नावावर एकही पावती नाही, ते कोयते समोर येतात. ते कामावर आलेच नाहीत, की त्यांचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढला, हे मात्र फडावर जाऊन माणसांनाच विचारावे लागते.

आणि एक प्रश्न या सगळ्याच्या आधीचा आहे. बहुतेक ठिकाणी मजुरी मुकादमाच्या हातून कोयत्यापर्यंत पोचते. एखाद्या डेटाबेसात मुकादमाचे टेबल असेल आणि कोयत्याचे नसेलच, तर कितीही हुशार क्वेरी लिहा, त्या जोडप्याने किती टन तोडले ते निघणार नाही. स्कीमा, म्हणजे टेबलांची मांडणी, वाचता येणाऱ्यालाच ही उणीव दिसते, आणि दिसली तरच ती भरून मागता येते.

म्हणून सहकारी संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कोयत्याची नोंद स्वतंत्र ठेवा, पावतीवर त्याचा क्रमांक घाला, आणि हिशेब तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना फक्त वाचता येईल अशी डेटाची प्रत द्या. संस्था सभासदांची आहे. पण तिचा ऊस ज्यांच्या हातांनी तुटतो, त्यांचा हिशेब त्यांच्याच नावाने निघाला पाहिजे. तो काढू शकणारी मुले आपल्याच वस्त्यांत आहेत.