महिन्याभरातले दोन निकाल

फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि पत्रकारांची धरपकड सुरू झाली. तीन पत्रकार, त्यांतल्या एकाचे कुटुंब, लहान मुले धरून सात जण सीमा ओलांडून मणिपूरच्या मोरेहमध्ये लपून राहिले. कुणाकडेच व्हिसा नव्हता. आपल्या कायद्याच्या लेखी ते घुसखोरच. पण 3 मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने सांगितले, यांना दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्या. आधार होता राज्यघटनेचे कलम 21. जीविताचा हक्क देताना ते ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. जिथे जिवाला धोका आहे तिथे कुणाला परत ढकलायचे नाही, हे तत्त्व न्यायालयाने त्याच कलमात वाचले.

त्याआधी महिनाही झाला नव्हता. 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत स्थानबद्ध असलेल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला होता. तेही म्यानमारमधूनच पळालेले. कलम 21 त्यांनाही लागू आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण पाठवणी न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला, आणि तो कलम 19 प्रमाणे फक्त नागरिकांचा. विहित प्रक्रिया पाळा, म्हणजे झाले.

यात न्यायमूर्तींना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर कायदाच नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाची साधार भीती असलेला माणूस, ही त्यातली निर्वासिताची व्याख्या आपल्या एकाही कायद्यात नाही. परकीय नागरिकांसाठी 2025 मध्ये नवा कायदा झाला, त्यातही ती आली नाही. सवलती मिळतात त्या सरकारी आदेशाने, ठरावीक समूहांना.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांना आपण जमीन दिली, शाळा दिली, आणि ते योग्यच केले. तरी तिथे जन्मलेल्या कित्येकांच्या हातात आजही मुदतीचे नोंदणी प्रमाणपत्रच आहे. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज. उदार आदेशाची ही गत, तर ज्यांच्यासाठी आदेशच नाही त्यांनी कुठे जायचे?

शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाचे खासगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. करारावर सही नको असेल तर नको, पण अर्ज कुठे करायचा, तो कोण ऐकणार आणि निकाल लागेपर्यंत माणसाला परत पाठवायचे नाही, एवढे लिहिलेला आपला स्वतःचा कायदा संसदेने करावा. आपापल्या खासदाराला हे विचारा.