आधी कातळ पाहा

पावसाळा उतरणीला लागला की या सदराच्या वाचकांची विचारणा सुरू होते: दोन दिवस हाताशी आहेत, कोणत्या अभयारण्यात जाऊ? आणि जाऊन आलेल्याला घरी प्रश्न ठरलेला: काय काय दिसलं? उत्तरात वाघ, बिबट्या, गवा, गेला बाजार शेकरू तरी असावं अशी अपेक्षा असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांपुरतं ते चालून जातं. पण महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश जमीन बेसाल्टच्या काळ्या कातळावर आहे, आणि या कातळावरच्या अभयारण्यांत प्राण्यांची यादी घेऊन जाणारा बहुतेक वेळा हिरमुसला होऊन परततो. तिथे पाहण्याजोगं पुष्कळ असतं. फक्त पाहायला सुरुवात दगडापासून करावी लागते.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर आला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर निवायचा, त्यावर दुसरा पसरायचा. आज उरलेला हा लाव्ह्याचा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. प्रत्येक थराचा गाभा टणक, माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. टणक भाग कडा होऊन उभा राहिला आणि सच्छिद्र भाग झिजून उतार झाला, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. दोन उद्रेकांमध्ये जिथे उसंत मिळाली तिथे थराच्या वरच्या अंगाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. घाटरस्त्याच्या कापात दिसणारा तांबडा पट्टा तो हाच. कातळाच्या फटींतून झिरपलेलं पाणी अशा पट्ट्याशी अडतं आणि आडवं वाहून बाहेर पडतं. तिथे झरा, झऱ्याशी झाडी, झाडीत जनावरांचा पाणवठा. वरच्या कड्याच्या कपारीत गिधाडं आणि ससाणे घरटी करतात. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या जंगलात समोरचा डोंगर एकदा असा थराथराने पाहिला, की कोणता जीव कुठे असेल याचा अंदाज यायला लागतो.

हे सारे थर बहुतेक ठिकाणी आडवे, सपाट पसरलेले असतात. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेल्यावर मी वाचकांना सांगेन की सरोवराकडे धाव घेण्याआधी काठावर थांबा आणि थर पाहा. इथे ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. अवकाशातून आलेल्या अशनीचा हा आघात. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. भोवती सगळा ज्वालामुखीचाच दगड, त्यामुळे हेही ज्वालामुखीचं मुख असावं असं दीर्घकाळ मानलं गेलं. 1970 च्या दशकात इथल्या दगडात प्रचंड दाबाच्या खुणा सापडल्या, खनिजाची जागच्या जागी काच झालेली आढळली, आणि वाद मिटला. बेसाल्टमध्ये झालेली अशी आघातविवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार जवळचं वाटतं ते यामुळे. त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार वर्षं भरतं, अलीकडच्या आर्गॉन पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर जातं.

आत उतरताना जे घडतं ते दुसऱ्या कुठल्याही अभयारण्यात मी पाहिलेलं नाही. काठावर गोड्या पाण्याची धार आहे, शतकानुशतकं लोक तिथे स्नान करतात. उतारावर पानगळीचं जंगल, त्यात मोर आणि वानरं, पडझड झालेली देवळं. तळाशी पोचलात की पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी की मासा जगत नाही, तरी सूक्ष्म जीवांनी ते दाट भरलेलं. या पाण्यातल्या क्षारांचा एके काळी व्यापार चाले. पापडी, दल्ला, खुप्पल अशी त्यांच्या प्रतींना नावं होती आणि काच व साबणासाठी लागणाऱ्या इथल्या मालाची नोंद आईन-इ-अकबरीतही आहे. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा चमत्काराच्या गोष्टी पसरल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून दाखवलं, की पाणी आटून क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या मीठप्रेमी सूक्ष्म जीवांचा तो रंग. माझ्या मते ही हकीकत चमत्कारापेक्षा मोठी आहे. अशनी पडतो, खड्डा होतो, पाणी साचतं, बाहेर जायला वाट नसल्याने क्षार साठत जातात, आणि त्या क्षारांत राहणारा जीव एके उन्हाळ्यात अख्खं सरोवर रंगवतो.

1979 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवलं, 2000 मध्ये ते अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसर स्थळ. तीन मानमरातब मिळाले, तरी विवराचा पर्यटक अजूनही काठावरून छायाचित्र काढून तासाभरात शेगावच्या वाटेला लागतो. काठावर दगड वाचून दाखवणारा, तळापर्यंत सोबत येणारा प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या प्रत्येक गटाला मिळालाच पाहिजे. त्यासाठी प्रवेशशुल्क वाढवावं लागलं तरी माझी हरकत नाही.

कातळाचं दुसरं रूप सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. भरपूर पावसाने लाखो वर्षं बेसाल्ट धुऊन काढला, त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं आणि जांभा दगड तयार झाला. जांभ्याच्या या सपाट माथ्याला आपण सडा म्हणतो. साताऱ्याचं कास पठार असाच एक सडा. 2012 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातल्या 39 स्थळांत त्याची गणना आहे. माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसात पाणी साचून राहतं आणि पाऊस सरला की तोच कातळ तापतो. अशा जागी मोठं झाड टिकत नाही, आणि म्हणूनच लहान वनस्पतींना मोकळीक मिळते. मातीत नत्र नाही, तर ‘सीतेची आसवे’ आपल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे पकडते. वायतुरा उथळ पाण्यात फुलतो आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपाने मातीत काढतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. कासला दिवसाला 3,000 माणसांचीच मर्यादा आहे ती योग्यच, पण निळ्या-जांभळ्या गालिच्यापुढे उभं राहून स्वतःचं छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येकाने गुडघ्यावर बसून एक डबकं तरी पाहावं. तिथे पाऊल कुठे पडतंय हेही तेव्हाच कळतं.

कासभोवती मध्यंतरी जाळीचं कुंपण घातलं गेलं. गुरं चरायची थांबली, उंच गवत माजलं, त्याने फुलं दडपली जातात असं भोवतालचे गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले, आणि अखेर कुंपण निघालं. संरक्षण म्हणजे माणसाला आणि गुराला बाहेर काढणं, हा सरधोपट हिशेब सड्यावर लागू पडत नाही.

साताऱ्याजवळच्याच चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथला सरडा विणीच्या काळात गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दगडावर उभा राहतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आहेत. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले. पण ते अंगाने रोडावलेले, रंगाने फिकुटलेले, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. पवनऊर्जेला माझा विरोध नाही. मात्र ‘तिथे काहीच नाही’ असं समजून सडा निवडला जातो, त्याला आहे. कोल्हापूरकडच्या काही सड्यांना बॉक्साइटच्या खाणींनी पोखरलं तेही याच समजुतीने.

आता घाट उतरून पूर्वेला या. ढग अडवणारी भिंत याच बेसाल्टची, आणि तिच्या आडोशाचा दुष्काळी टापूही बेसाल्टवरचाच. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यात सहाशेच्या आत. वर मुरूम, त्यावर पातळ माती, त्यावर मारवेल, पवन्या, कुसळी. तिथलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 मधलं, अवघं 2.17 चौरस किलोमीटर. सकाळच्या उन्हात काळवीट उधळतात तेव्हा त्यांच्या वेगाचं कारण पायाखालीच असतं: मोकळी, कठीण, आडोसा नसलेली जमीन. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर दिसणारा माळ ही त्याची सुरक्षितता. आज तिथे तो जवळपास दिसतच नाही. याची कारणं अनेक आहेत. माळ तुकड्यातुकड्यांनी शेतीखाली, रस्त्यांखाली आणि लागवडीखाली गेला हे त्यांतलं मोठं.

लागवडीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. महसुली कागदावर माळ ‘पडीक’ असतो, आणि पडीक म्हटलं की तिथे झाडं लावणं पुण्याचं काम ठरतं. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प केला होता. शाळांपासून कारखान्यांपर्यंत सगळे खड्डे खणायला निघाले. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण गवताळ माळावर दाट झाडं लावली की उघड्यावरचे जीव तिथून उठतात. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी यांना सावली नको असते, नजर पोचेल अशी जागा हवी असते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून काय साधलं ते आपण पाहतो आहोत: हिरवं दिसतं, पण त्याखाली मूळचं गवत नाही आणि त्या गवतावरची फुलपाखरंही नाहीत. जंगल तोडल्यावर आपल्याला हळहळ वाटते, माळ झाकल्यावर वाटत नाही, आणि ही उणीव आपल्या शिक्षणातली आहे. वनखात्याने पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली, ही मला अलीकडची सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. माळावर तिकीट काढून माणसं जाऊ लागली की त्याला पडीक म्हणणं अवघड होतं, आणि चार पैसे गावातल्या धनगराच्या पोराला वाटाड्या म्हणून मिळतात.

म्हणून यंदा दोन दिवस काढाल तर एक सडा आणि एक माळ असा बेत करा, आणि जमल्यास तेच दोन्ही चैत्रात पुन्हा पाहा, कातळ उघडा असताना. सड्यावर ओल्या मातीवरून चालू नका, उघड्या दगडावरून चाला. माळावर गाडी चाकोरीबाहेर काढू नका, कारण अंडी जमिनीवर असतात. आणि येत्या पावसाळ्यात कुणी तुमच्या गावच्या माळावर वृक्षारोपणाला बोलावलं, तर आधी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा की इथे मुळात झाडं होती का. नसतील, तर ती रोपं गावठाणात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात लावा. माळाला गवत राहू द्या.